कढईवरचे तीन ठोके

बुधवारी दुपारी मी फक्त डबा परत द्यायला गेले होते. शेजारच्या शिवदासचा. डिचोलीच्या बाजारात त्याचे चायनीज हॉटेल तीस वर्षांचे, आणि तिथली रांधायची खोली माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. मी कान लावते असे लोक म्हणतात. लावायला कशाला हवा? सगळे आपसूक येते.

शिवदास गल्ल्यावर, थोरला गोकुळदास शेगडीवर. अकरा वर्षे दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. गोकुळदास कढईवर डाव आपटायचा. एक ठोका म्हणजे प्लेट तयार, तीन म्हणजे इकडे ये. शिवदास जायचा, पण तोंड फिरवून.

गेल्या चतुर्थीआधी तीन ठोके आले. मग पुन्हा तीन, अगदी हळू. शिवदास त्या दिवशी फुगलेला, हलला नाही. मीही भाजी चिरत राहिले. आत गोकुळदास मरत होता.

घरच्यांनी विचारले तेव्हा शिवदास म्हणाला, पंख्याच्या आवाजात काही ऐकू आले नाही. मग माझ्याकडे बघितले. मी मान डोलावली.

तर त्या बुधवारी हॉटेल बंद होते. सिलिंडरसुद्धा परत गेलेला. शिवदास दाढी वाढवून गल्ल्यावर बसला होता, आणि आतून करपलेल्या लसणीचा वास येत होता.

"वैनी, तुका ऐकाक येता?"

टण्. टण्. टण्.

"ना रे... पंख्याचो आवाज तो."

"पंखो बंद आसा, वैनी."

मी डबा टेबलावर ठेवला.

"एकदा तरी खरां सांग. दादा माका बोलवता मगो?"

मी डब्याचे झाकण उगाच पदराने पुसले.

"त्या दिवशी गेलंय नाय... आज जातंय." तो उठला. आतल्या काळोखाकडे बघून म्हणाला, "येतंय, दादा." अकरा वर्षांतले पहिले शब्द.

झुलते दार मिटले. बराच वेळ काही नाही. मग एकच ठोका.

मी प्लेटा द्यायच्या खिडकीतून आत डोकावले. कट्ट्यावर फ्राइड राइसची एक प्लेट, वाफा निघत होत्या. थंड शेगडीपाशी शिवदास पडलेला, डोळे उघडे.

डॉक्टर म्हणाले, हार्ट.

हॉटेलला कुलूप लागले, कढई भंगारात गेली. मला वाटले, बोलावणे त्याला होते, तो गेला, संपले.

काल दुपारी भाजी चिरत होते. तीन ठोके आले. मी मान वर केली नाही. मग पुन्हा तीन, अगदी हळू...

उठले, तर खिळ्याला टांगलेली माझी कढई हलत होती. थांबवायला हात लावला.

गरम होती.