पांढरी पट्टी

वेल्डिंग मशिनं दुरुस्त करणाऱ्या त्या दोघा भावांचा एक नेम होता. नळ बंद केला तरी टाकी भरलेलीच राहते, तसा प्लग काढला तरी कपॅसिटर वीज धरून बसतो. म्हणून जो कपॅसिटर रिकामा करेल, त्यानं त्यावर पांढरी पट्टी चिकटवायची. पट्टी दिसली की दुसऱ्यानं बेधडक हात घालायचा. थोरला पट्टीचा कोपरा दुमडायचा, काढायला सोपी म्हणून. धाकट्याला तेवढा धीर कुठला!

एका दुपारी दोघांत जुंपली. थोरल्यानं धाकट्याचं तोंड टेबलावर आपटलं, दात पडला. थोरला हात धुवायला वळताच धाकट्यानं रक्त थुंकून भरलेल्या कपॅसिटरवर पट्टी लावली. फक्त अद्दल घडवायची होती, असं तो पुढे स्वतःला बजावत राहिला. पट्टी पाहून थोरल्यानं हात घातला आणि जागीच गेला. लोक म्हणाले, घाई नडली बिचाऱ्याला. धाकट्यानं मान डोलावली.

महिन्याभरानं वहिनी दुकानात आली.

"भाऊजी, घरात बसून किती दिवस काढू? मला काम शिकवा."

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. त्यानं तिला पट्टीचा नेम शिकवला. आणि डावा हात एप्रनच्या खिशात ठेवायचा, म्हणजे वीज छातीतून जात नाही, हेही.

थोरला ज्यानं गेला तो कपॅसिटर खणात पडून होता. वहिनी आली त्या दिवसापासून मात्र तो कशालाही न जोडता रोज भरायचा. रिकामा करायला पेचकस टेकवला की फाडकन आवाज, टोक वितळलेलं. तिसऱ्या दिवशी त्यानं तो हातोड्यानं ठेचला, स्वतःची बोटं फुटेपर्यंत ठेचला, आणि फेकून दिला.

चौथ्या सकाळी खण रिकामा. त्याला हायसं वाटलं. सवयीनं त्यानं मीटरच्या दोन्ही पिना हातात धरल्या.

काटा चारशे व्होल्टवर गेला.

अंगावरचे केस ताठ झाले. मनगटावर पांढरी पट्टी होती. कोपरा दुमडलेला.

"हाताला काय झालं, भाऊजी?" वहिनीनं हात पुढे केला.

"शिवू नका!" तो भिंतीला टेकला. "पट्टी खोटी आहे! त्या दिवशीचीही खोटीच होती... मीच लावली होती, वहिनी."

ती थांबली. तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं.

"यांच्या बोटांना चिकटून आली होती ती. कोपरा दुमडलेला नव्हता."

तिनं टेबलावरचा वितळलेल्या टोकाचा पेचकस उचलला.

"मग आधी रिकामं करायला हवं."

आणि शिकवल्याप्रमाणे तिनं डावा हात खिशात घातला.