रिकाम्या टेबलावरचे ठोके

मशीन तपासायला कच्चा बटाटा लागतो, हे ऐकून नवे लोक हसत. मशीन चालवणारी ताई बटाट्यात दोन सुया खुपसायची, विजेचे झटके सोडायची. सुयांमधला भाग काळा पडला, की मशीन ठीक. कॅन्सरच्या गाठीचंही तसंच. कापणं नाही, भाजणं नाही. गाठ जागच्या जागी मरायची. पेशंटला मात्र प्रत्येक झटका हृदयाच्या ठोक्याशी जुळवूनच द्यावा लागे. त्यासाठी छातीवर चिकटपट्ट्या लावून ठोके पडद्यावर आणत.

धाकट्या भावाच्या यकृतात गाठ निघाली, तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, बटण तूच दाब. एवढे झटके देतेच आहेस, तर डोकंही चालू होतंय का बघ."

तिनेच दाबलं. गाठ मेली. पण रोग तोवर हाडांत उतरला होता. भाऊ हातचा गेला.

त्यानंतर ताई आज पहिल्यांदा कामावर आली होती. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. तिने नवं पाकीट फाडलं, चिकटपट्ट्या वायरींना जोडल्या आणि रिकाम्या टेबलावर ठेवल्या. पडद्यावर सरळ रेघ यायला हवी होती.

ठोके आले. दोन नीट, एक चुकलेला. दोन नीट, एक चुकलेला.

"सिस्टर, हे तुम्हालाही दिसतंय ना?"

नर्स जवळ आली. "अगं बाई, हे कोणाचे? टेबलावर तर कोणीच नाही." तिने वायरींची पिन मशीनमधून उपसली.

ठोके चालूच राहिले.

"मी... मी डॉक्टरांना बोलावते," म्हणत नर्स जवळजवळ पळालीच.

ताई जागची हलली नाही. हा चुकणारा ठोका तिने भावाच्या ऑपरेशनभर डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. आता ठोके भरभर पडू लागले. भूल देण्याआधी त्याचे पडले होते, तसेच.

ती टेबलावर वाकली. "घाबरतोस काय, वेड्या? मी आहे ना."

ठोके हळूहळू निवले.

दाराबाहेर स्ट्रेचरवर एक आजी ताटकळल्या होत्या. ताईने मशीन बंद करायला स्विचकडे हात नेला. हात पुढे जाईना.

"राजा, तूच जा रे," ती म्हणाली. "माझ्याच्याने नाही होणार."

रेघ सरळ झाली.

तिने बाहीने डोळे पुसले आणि टाकून देण्यासाठी चिकटपट्ट्या उचलल्या. त्या घामाने ओल्या होत्या. एकीला दोन कुरळे, काळे केस चिकटले होते.