खिडकीपलीकडची धडधड

खारवली बंदराला बोट लागली तेव्हा हेमांगी तांडेल खिडकीमागे बसून मनगटावरचा पट्टा घट्ट करत होती. प्रवेश अधिकारी म्हणून तिचा हा पहिलाच दिवस. समुद्र चढत होता, दक्षिणेकडची प्रवाळबेटं एकेक करून पाण्याखाली जात होती आणि तिथली माणसं कोकणच्या किनाऱ्याला येत होती.

पट्ट्याला सगळे 'स्पंदनवाहक' म्हणत. समोरच्यानं खिडकीतल्या धातूच्या पाटीवर तळहात ठेवला, की त्याची नाडी अधिकाऱ्याच्या मनगटात जशीच्या तशी उडू लागे. पूर्वी या यंत्राला लाल दिवा होता. नाडी वाढली की दिवा लागायचा आणि माणूस खोटारडा ठरून कुंपणाआड जायचा. प्रशिक्षक इब्राहिम मुकादम यांनी भांडून तो दिवा काढायला लावला. "दिवा तुमच्याऐवजी निर्णय घेतो," ते वर्गात म्हणत. "धडधड तुम्हालाच सोसावी लागते. मग आपोआप विचारावंसं वाटतं, हा माणूस कशाला घाबरलाय?"

आज ते हेमांगीच्या मागेच उभे होते.

कडेवर लहान मुलगी घेतलेली एक बाई पुढे आली. तिच्या आणि हेमांगीच्या कानात भाषांतर करणारं यंत्र होतं. बाईनं पाटीवर हात ठेवला.

"नाव?"

"आमिनाथ."

"मुलगी तुमची?"

"हो."

हेमांगीच्या मनगटात हातोडे पडू लागले. ती काही बोलणार, एवढ्यात परिचारिका आली आणि तपासणीसाठी मुलीला उचलू लागली. त्या क्षणी असा ठोका पडला की हेमांगीचा हात टेबलावरून उडाला.

"थांबा! इथेच तपासा, तिच्या कडेवर."

"पडद्याआड तपासायचं असतं, मॅडम."

"मग पडदा इकडे आणा."

परिचारिकेनं कुरकुरत पडदा ओढून आणला. धडधड हळूहळू उतरली. तपासणी आटोपल्यावर हेमांगी म्हणाली, "बाई, मुलीला तुमच्यापासून कोणी नेणार नाही. पण खरं काय ते सांगा."

आमिनाथनं मुलीला छातीशी घट्ट धरलं. मग म्हणाली, "शेजारणीची आहे. पाणी चढलं तेव्हा तिनं छपरावरून माझ्या हातात दिली. मग ते छप्परच गेलं."

आईबाप नसलेलं मूल बालगृहात पाठवायचं, असा नियम होता. हेमांगी मागे वळली. "सर, मी तर शब्द देऊन बसले."

"आधी विचारायचं, मग शब्द द्यायचा," मुकादम म्हणाले. "आता दिलायस, तर पाळायची वाट शोध. नियम पुढे काय म्हणतो?"

"न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत मूल ओळखीच्या माणसाकडे ठेवता येतं. अधिकाऱ्यानं जबाबदारी घेतली तर."

"मग?"

"ही पुन्हा खोटं बोलत असेल तर?"

"असू शकतं. म्हणून तर इथे माणूस बसवलाय."

हेमांगीनं बोटीच्या कप्तानाला बोलावून घेतलं. त्यानं तेच सांगितलं: छप्पर, लाट, बाईच्या हातात दिलेलं पोर. मग तिनं मुलीचा इवलासा तळहात पाटीवर टेकवला. आमिनाथच्या खांद्यावर मान टाकलेल्या त्या पोरीची नाडी संथ होती, झोपेला आलेली.

"हा पुरावा नव्हे हं," मुकादम हळूच म्हणाले.

"माहीत आहे, सर." तिनं सही केली. निवारा केंद्रात दोघींची एकच खोली लिहिली आणि रोज स्वतः जाऊन बघण्याची जबाबदारी आपल्या नावावर घेतली.

आमिनाथच्या डोळ्यांना पाणी आलं, तरी ती खिडकीपासून हलेना.

"मागून आणखी बोटी येताहेत. त्यांत माझी बहीण आहे. तिला सांगू का, याच खिडकीशी ये म्हणून?"

"कुठल्याही खिडकीशी येऊ दे, तिचंही असंच ऐकून घेतील," हेमांगी बोलून गेली.

बाई गेल्यावर तिनं रांगेतल्या बाकीच्या खिडक्यांकडे पाहिलं. प्रत्येकीमागे तिच्याच वर्गातलं कुणी ना कुणी मान खाली घालून काम करत होतं. आत्ताच दिलेला हा दुसरा शब्द एकटीनं पाळण्यासारखा नव्हता. तो हे सगळे पाळतील का?