वजा केल्यावर जे उरलं

"माईक कोणी बनवला हे तुला कोणी विचारलंय का? तू फक्त नाव बोल."

"सर, पण त्याने बनवलेला नाहीये तो."

"मग काय तू बनवलास?"

"मी नाही. कोणी बनवलाय ते तुम्हाला माहितीये."

"जी पोरगी आता नाहीच, तिला बक्षीस घेऊन काय करायचंय?"

हे वाक्य त्या माणसाने माझ्या ताईला तोंडावर ऐकवलं. भर दुपारी. हसत.

इथून पुढे जे लिहितोय ते सगळं घडलेलं आहे. ज्याला पटत नाही त्याने खुशाल दुसरं काहीतरी वाचावं, मला कमेंटमध्ये विज्ञान शिकवायला येऊ नये. डोकं आधीच तापलंय.

आणि हो, यात रात्र नाही. ओसाड रस्ता नाही, रडणारी कुत्री नाहीत. मार्चमधली दुपार होती आणि कॉलेजची रेकॉर्डिंग रूम होती. जाड दरवाजा, भिंतींना करड्या फोमचे चौकोन. आत गेलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं. बाहेर ऊन आहे की अंधार, आत कळत नाही.

ताई तिथे याच सरांकडे साउंडचं शिकत होती. दरवर्षी सगळ्या कॉलेजांची मिळून एक स्पर्धा होते. एक गट रेकॉर्डिंगचा, एक गट उपकरणं बनवायचा. ताई रेकॉर्डिंगमध्ये होती. तिने शिवणकामाच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन तिथल्या मशिनांचे, कात्र्यांचे, बायकांच्या हसण्याचे आवाज टिपले होते. भारी झालं होतं ते. मी सहसा तिचं कौतुक करत नाही.

दुसऱ्या गटात सरांचा भाचा होता. दोन माईकची जोडी घेऊन.

ती जोडी सोल्डरची होती.

सोल्डर म्हणजे ताईची मैत्रीण. बोटांची टोकं कायम भाजलेली, केसांना जळक्या तारेचा वास, म्हणून सगळे तिला सोल्डर म्हणायचे. तीही म्हणायची. आमच्या घरी पडीक असायची. एकदा आमच्या आईची चहाची गाळणी गायब झाली. आईने माझ्यावर आरडाओरडा केला, घरात काहीही हरवलं की आधी माझंच नाव. दोन दिवसांनी सोल्डर हसत आली. हातात पितळी नळीचा माईक, आणि त्याच्या तोंडावर आमच्या गाळणीची जाळी.

"काकू, गाळणी देते परत," ती म्हणाली.

"कधी?"

"माईक पहिला आला की."

मग ती जेव्हा जेव्हा घरी आली, दारातूनच ओरडायची, "काकू, गाळणी देते परत." आई म्हणायची, "तू आधी जेव, मग दे."

तिची आणखी एक सवय होती. माईक चालू आहे का बघायला सगळे हॅलो हॅलो करतात. ती नखाने नळीवर दोनदा वाजवायची.

टक. टक.

मग नाकातून श्वास सोडायची. तो बारीक शिट्टीसारखा वाजायचा.

मागच्या पावसाळ्याआधी तिची स्कूटर वळणावरच्या वाळूत घसरली. पुढचं लिहीत नाही.

माईक कॉलेजच्या कपाटात राहिले. कपाटाची किल्ली सरांकडे. यंदा ते बाहेर आले तेव्हा त्यांच्यावर भाच्याच्या नावाचं चकचकीत स्टिकर होतं. त्या भाच्याला साधी प्लगची तार जोडता येत नाही. मी गाड्यांमध्ये स्पीकर बसवतो, तार जोडणारा हात मी लांबून ओळखतो.

ताईने तिचं रेकॉर्डिंग त्याच माईकवर केलेलं होतं. आणि स्पर्धेचा नियम असा, की रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी आपल्या तोंडाने बोलायचं: हे कोणी रेकॉर्ड केलं, कोणी बनवलेल्या उपकरणावर केलं. याला ते लोक स्लेट म्हणतात. ती स्लेट तेवढी बाकी होती.

आणि सगळ्यांच्या एंट्री पाठवणार कोण? सर.

"त्याचं नाव बोललीस तर तुझी एंट्री पुढे जाते. नाही बोललीस तर नाही जात. मला दोन्ही चालतं."

ताई आत गेली. सर दाराला टेकून उभे राहिले, बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत. स्लेटच्या आधी खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची पद्धत असते. खोली रिकामी असली तरी तिचा म्हणून एक आवाज असतो, तो नंतर जोडकामाला लागतो. तेवढा वेळ कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही.

ताई हलली नाही.

सर म्हणाले, "हं, बोल आता."

ताई दात आवळून बोलली. स्वतःचं नाव. मग... भाच्याचं नाव.

मग तिने हेडफोन लावून ऐकायला घेतलं.

आधी शांतता. खोलीची.

मग...

टक. टक.

ताईने स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर रेघ सपाट होती. आवाज झाला की रेघ उसळते. इथे काहीच उसळलं नव्हतं.

तिने मागे घेऊन परत लावलं. आता टकटक नव्हती. म्हणून ती पुढचं ऐकू लागली. सरांच्या बुटांची करकर आली. किल्ल्यांची छनछन आली. दाराला पाठ घासल्याचा आवाज आला.

"हं, बोल आता" आलं नाही.

तिथे फक्त शांतता होती. त्यांच्या वाक्याएवढी लांब.

"सर, तुम्ही बोललात ना मघाशी?"

"बोललो की. का?"

"तुमचा आवाज आला नाहीये."

"माईकचं तोंड तुझ्याकडे होतं. शिकवलंय ना मी हे? जा घरी."

माईकला छनछन ऐकू येते, पण बाजूचा माणूस ऐकू येत नाही. असं कुठे असतं का?

घरी आल्यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, "तू खोटं नाव बोललीसच कशी? जीभ कशी वळली?"

"तुझं बरंय. चिडायचं आणि उठून निघून जायचं. शाळेतून गेलास तसा. सगळ्यांना नाही जमत ते."

"निदान खोटं तरी नाही बोललो."

"एकदा निकाल लागू दे. मग सांगते सगळ्यांना."

आई भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "जी गोष्ट आज नाही सांगता येत, ती निकालानंतर कशी सांगता येते गं?"

ताई उठून आत गेली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी हॉल भरलेला. तीन परीक्षक, सगळे बाहेरचे. त्यांतल्या एक बाई होत्या, पांढरे बारीक कापलेले केस, मोजकं बोलणाऱ्या. उपकरणांची तपासणी त्यांच्याकडे होती.

माईकची जोडी तपासायची एक रीत आहे. सोपी आहे, सांगतो. दोन्ही माईक एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि एकच आवाज दोघांनाही ऐकवायचा. मग एकाचं रेकॉर्डिंग उलटं करायचं, म्हणजे लाट वर असेल तिथे खाली, आणि दुसऱ्यावर टाकायचं. एकातून दुसरं वजा. माईक खरंच सारखे असतील तर दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. स्पीकरमधून काहीही येत नाही. जितकं कमी उरेल तितकी जोडी चांगली.

बाईंनी माईकसमोर टाळ्या वाजवल्या, एक वाक्य वाचलं. मग उलटं करून मोठ्या स्पीकरवर लावलं.

टाळ्या गेल्या. वाक्य गेलं. बाईंचा आवाज सगळा खाल्ला गेला. हॉलमध्ये नुसती शांतता.

"छान," बाई म्हणाल्या. "फारच सारखे बनवलेत."

भाच्याने कॉलर नीट केली. त्याने.

आणि मग त्या शांततेतून...

टक. टक.

बाईंचा हात थांबला.

मग नाकातून सोडलेला श्वास. बारीक शिट्टीसारखा.

मग एका मुलीचा आवाज. अगदी जवळून. हसत.

"काकू, गाळणी देते परत."

हॉलमध्ये कोणी हसलं. कोणाला वाटलं मोबाईलचा आवाज शिरला. पण वजा केल्यावर उरतो तो फक्त फरक. दोन्ही माईकांनी जे ऐकलं ते कापलं गेलं होतं. हे दोघांपैकी कुठल्याच माईकने ऐकलं नव्हतं, तरी ते उरलं होतं.

"हा आवाज कोणाचा?" बाईंनी भाच्याला विचारलं.

तो सरांकडे बघायला लागला.

बाई ताईकडे वळल्या. "तुझी एंट्री याच माईकवर आहे ना? तू हे वापरलेत. तुला माहितीये हा आवाज?"

हाच तो क्षण. नाव घ्यायला किती वेळ लागतो? सोल्डरच्या माईकसमोर उभी होती ती. जाळी आमच्या गाळणीची. समोर विचारणारी बाई.

सर ताईकडे बघत होते. किल्ल्या फिरवत.

"माहीत नाही," ताई म्हणाली.

बाईंनी वजाबाकी बंद केली होती, पण माईक आणि रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. ताई सांगते, तेव्हा तिची नजर स्क्रीनवर होती. ती बोलली...

आणि रेघ हलली नाही.

तेवढ्यात सर पुढे झाले. माईकसमोर उभे राहून काहीतरी समजावायला लागले, बाहेरचा सिग्नल वगैरे. पुढच्या रांगेतल्यांना ते दिसत होते, ऐकूही येत होते. पण स्पीकरमधून आवाज नाही. मागच्या रांगा ओरडल्या, "आवाज नाही येत." सरांनी माईकवर टिचकी मारली. टिचकी पूर्ण हॉलभर घुमली. ते परत बोलले. काही नाही.

बाईंनी हेडफोन काढले आणि त्या सरांकडे नुसत्या बघत राहिल्या.

निकाल लागला. भाचा दुसरा. ताई रेकॉर्डिंगमध्ये पहिली. टाळ्या वाजल्या. ताई स्टेजवर गेली. निकालानंतर सांगणार होती ना? नाही सांगितलं.

सरांचं पुढचं सांगताना मला हसायला येतं, आणि मग येत नाही. त्यांनी फोन केला की समोरचा हॅलो हॅलो करून कट करायचा. पलीकडे पंख्याचा आवाज पोचायचा, खुर्चीचा पोचायचा, यांचा आवाज पोचायचा नाही. ऑनलाइन तासाला पोरांना वाटायचं सर म्यूटवर आहेत. त्यांनी फोन बदलला. घसा दाखवला. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. मग समोरासमोरही लोक म्हणायला लागले, जरा मोठ्याने बोला. आता ते फळ्यावर लिहून शिकवतात.

एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले. हातात पिशवी. ओठ हलत होते. आईला काही ऐकू आलं नाही. पिशवी उंबऱ्यावर ठेवून ते निघून गेले.

आत माईकची जोडी होती. स्टिकर खरवडून काढलेलं.

आईने जाळीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "पहिला नाही आला गं तुझा." आणि माईक चहाच्या डब्याशेजारी ठेवून दिले. त्यांना तार नाही, वीज नाही, काही नाही.

तरी सकाळी आई चहा ठेवते तेव्हा...

टक. टक.

आई आता दचकत नाही. मला मात्र अजून सवय झालेली नाही.

ताईला त्या बक्षिसावर दुसऱ्या शहरात एका स्टुडिओत काम मिळालं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. मी म्हटलं, नेटवर्क. परवा आणखी लांबून आला. मी तिला स्पष्ट सांगितलं, त्या परीक्षक बाईंना फोन कर, सोल्डरचं नाव सांग, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, "नोकरी पक्की होऊ दे रे. मग सांगते."

मी चिडलो. फोन ठेवून दिला. दोन दिवस बोललो नाही.

हे लिहायला बसलो ते मनातला राग काढावा म्हणून. दुकानात गिऱ्हाईक नाही, गाडी उघडी पडलीये, मी मागच्या सीटवर बसून टाइप करतोय.

आत्ता मध्येच ताईचा फोन आला. घेतला.

मागे बस थांबल्याचा आवाज आला. कोणीतरी सुट्टे मागितले. तिच्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, ती चेन अडकते, मी ओळखतो. ती भराभर श्वास घेत होती तेही आलं.

ती आली नाही.

मी म्हटलं, "ताई, बोल." चेन परत वाजली. श्वास वाजला. मध्ये मध्ये वाक्याएवढी लांब शांतता...

मग, अगदी माझ्या कानाशी...

टक. टक.

माईक घरी आहेत. ते घेऊन ताईकडे जायचं. तिला समोर बसवायचं आणि तिच्या तोंडून खरं नाव वदवून घ्यायचं, जेवढा आवाज उरलाय तेवढ्यात. बस सुटायला थोडाच वेळ आहे.

निघतो.