मागून येतेच आहे

मामांना एक पत्र आलं होतं आणि त्याचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. पत्र म्हणजे जोडकार्ड. पूर्वी अशी कार्डं मिळत. अर्धं वाचून ठेवायचं, अर्धं फाडून त्यावर उत्तर लिहायचं आणि पेटीत टाकायचं. उत्तराच्या अर्ध्यावर पत्तासुद्धा पाठवणाऱ्यानेच लिहून ठेवलेला असे, म्हणजे आळशातल्या आळशालाही सबब उरू नये. मामा आळशी नव्हते. ते छापखान्यात मुद्रितं तपासत. दुसऱ्यांच्या वाक्यातली चूक त्यांना दुरून दिसे, पण स्वतःचं वाक्य लिहायचं म्हटलं की हात आखडायचा.

कार्ड टेलिफोनवालीचं होतं. वस्तादांच्या सायकलच्या दुकानाभोवती जमणाऱ्या मंडळींत सगळ्यांना अशीच नावं पडलेली होती. ती टेलिफोन कचेरीत कामाला होती आणि चढावर कुणी दमलं की मागून म्हणायची, "जरा थांबा हं, जोडून देते," आणि पाठीवर तळवा टेकवून त्याला वर ढकलायची. मामा सगळ्यांत हळू, म्हणून कायम शेवटी. छापखान्यातला माणूस आणि ओळीच्या शेवटी, तेव्हा त्यांचं नाव तिनेच पाडलं होतं: पूर्णविराम.

कार्डावर तिने लिहिलं होतं, "उन्हाळ्यात मंडळी खिंड चढणार आहेत. वस्तादांनी या खेपेला शेवटी मला ठेवलंय. तू माझ्या पुढे राहशील का? एका शब्दात कळव. शब्द सुचायला फारच वेळ लागला, तर खिंडीवरच्या पेटीत टाक. मी मागून येतेच आहे."

तोवर ती त्यांना 'तुम्ही' म्हणत असे. त्या एका 'तू'ने मामांची झोप उडाली. 'हो' लिहावं तर उतावळेपणा दिसेल. 'अवश्य' लिहावं तर लग्नपत्रिकेसारखं वाटेल. 'प्रयत्न करतो' हे तर खोटंच, कारण मनातल्या मनात ते केव्हाच निघाले होते. शब्द तासत तासत उन्हाळा आला, मंडळी निघून गेली आणि मामा छापखान्यात कुणाच्या तरी व्याकरणाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत बसले.

खिंडीत धुकं उतरतं आणि रस्त्याला दरीच्या बाजूने कठडा नाही, म्हणून वस्तादांचा एक नियम होता. एकामागे एक चालायचं आणि मागे वळून बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं. शेवटच्याने प्रत्येक वळणावर घंटी दोनदा वाजवायची. सगळ्यांत पुढच्याने "ठीक!" म्हणून ओरडायचं. बास. त्या दिवशी मंडळी वर पोचली, रस्तेकामगारांच्या बंद खोलीपाशी पाणी प्यायली आणि उतरू लागली. प्रत्येक वळणावर मागून घंटी आली. अगदी शेवटच्या वळणावरही आली. पायथ्याशी पाय टेकून सगळे वळले, तेव्हा मागे कुणीच नव्हतं.

ना ती सापडली, ना तिची सायकल. संध्याकाळी वस्ताद चिखलाच्या पायांनी छापखान्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ती इकडे आलीय का रे?"

मामांनी कार्डाचा कोरा अर्धा भाग पंक्चरच्या डबीत ठेवला. ठिगळं आणि सोल्युशनच्या नळीखाली तो तिथेच राहिला. नळ्या सुकल्या, बदलल्या. मामा निवृत्त झाले. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणत, "सध्या विचार चाललाय." पुढे विचारणारेही थकले.

आता खिंडीखालून बोगदा होत होता. तो सुरू झाला की वरचा रस्ता कायमचा बंद. ही बातमी मामांना त्यांच्या भाचीने दिली. ती लोकांचे गुडघे, खांदे मोकळे करून देण्याचं काम करी आणि वस्तादांची मंडळी आता तिच्या हाताखाली होती.

"शेवटचा उन्हाळा आहे मामा. आम्ही जाणार."

"मीही येतो," मामा म्हणाले.

भाचीने त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे. "कुठे? निरोप द्यायला?"

"वर."

"मामा, जिना चढताना तुम्ही मध्ये थांबून वर्तमानपत्र वाचता."

"ते आवडीने वाचतो."

ती हसली, पण नाही म्हणाली नाही. अट मात्र घातली. पाण्याच्या टाकीमागची टेकडी पाय न टेकता चढून दाखवायची. जमलं नाही तर खिंडीत सामानाच्या गाडीतून यायचं.

तयारी सुरू झाली. वस्ताद आता डोळ्यांनी अधू झाले होते. दुकान मुलगा बघे आणि ते दारात खुर्ची टाकून बसत. त्यांनी बोटांनी चाचपून मामांच्या सायकलला चढासाठी मागे मोठं दातेरी चक्र चढवायला लावलं, ब्रेकचे गुटके बदलायला लावले आणि हँडलवर घंटी बसवून घेतली. "शेवटी तूच राहणार ना?" त्यांनी विचारलं. मामा हो म्हणाले. वस्ताद बराच वेळ घंटीवर अंगठा ठेवून बसले. वाजवली नाही.

मंडळींत एक बेकरीवाला होता, पोटाने गोल आणि स्वभावाने त्याहून गोल. पहिल्याच सरावाला तो टेकडीच्या वळणावर धापा टाकत म्हणाला, "पूर्णविराम, तुमच्यामुळे माझी अब्रू वाचली. नाहीतर शेवटी मीच असतो."

"मी आहे तोवर काळजी नको," मामा म्हणाले.

त्या दिवशी टेकडी अर्धीच झाली. खाली आल्यावर भाची हेल्मेट काढत म्हणाली, "मामा, घंटी दोनदा वाजवायची. तुम्ही दोनदा वाजवता, मग थांबून पुन्हा दोनदा. मला कळतंय ना!"

मामांनी दोनदाच वाजवली होती. टेकडीवरून आवाज परतत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण टेकडी उघडी होती, गवताची. आवाज परतायला तिथे काही नव्हतं.

अवकाळी पाऊस असला की मामा सायकल घरातच लोखंडी स्टँडवर चढवत. मागचं चाक जागच्या जागी फिरे आणि समोरच्या भिंतीवरच्या कपाटातली पुस्तकं हलकेच थरथरत. एकदा असेच पाय थांबवून ते घाम पुसत बसले. चाक मोकळं फिरत होतं आणि त्यातल्या फ्रीव्हीलची टकटक चालू होती. चाक थांबलं, तरी टकटक थांबली नाही.

ती मागून येत होती, दाराच्या बाजूने. टक् टक् टक् टक्, मग एक जागा रिकामी, मग पुन्हा टक् टक् टक्.

मामांनी ती रिकामी जागा ओळखली. टेलिफोनवालीच्या फ्रीव्हीलमधला एक दात मोडला होता. वस्ताद तिला बदलून घे म्हणत आणि ती म्हणे, "राहू द्या, तोतरं बोलतंय बिचारं. लाजतं." हे बोलताना ती मामांकडे बघे.

ते वळले नाहीत. घाबरले म्हणून नव्हे. वळलं आणि तिथे भिंतच दिसली तर, ही भीती त्याहून मोठी होती. टकटक मंद होत थांबली. मामा ओला टॉवेल मांडीवर घेऊन उजेड जाईपर्यंत तसेच बसून राहिले.

पुढच्या सरावाला ते टेकडी पूर्ण चढले. माथ्यावर उघड्या पठारावर पाठीमागून वारा झोंबत होता. बेकरीवाल्याचा शर्ट फुग्यासारखा फुगला होता. मामांच्या पाठीला वारा लागत नव्हता.

परतताना मंडळी दुकानावरून एकामागे एक गेली. वस्ताद दारात मान खाली घालून प्रत्येक सायकल कानाने ओळखत होते आणि गमतीने नावं पुकारत होते. "भाचीबाई. बेकरी, चेनला तेल घाला. पूर्णविराम." मामा पुढे जाऊन थांबले. वस्तादांची मान मात्र वर झाली नाही. त्यांचा हात हवेत तसाच राहिला होता, अजून कुणी तरी जायचं असल्यासारखा.

मग ते हळूच म्हणाले, "तुला सांगितलं होतं ना, ते बदलून घे."

"कुणाशी बोलताय बाबा?" मुलगा आतून म्हणाला.

मामा जवळ गेले तेव्हा वस्तादांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "जाऊ नकोस," ते म्हणाले. थोड्या वेळाने पकड सैल झाली. "किंवा जा. मी तेव्हा नुसती घंटी ऐकली रे. ऐकलं म्हणजे आहे, असं धरून चाललो."

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी पंक्चरची डबी उघडली. कार्ड पिवळं पडलं होतं, पण तिच्या अक्षरातला पत्ता ठसठशीत होता. ते घर कधीच पडलं होतं. तिथे आता गाड्या धुतात. मामांनी जुन्या छापील तिकिटाशेजारी आजच्या दराची तिकिटं चिकटवली आणि लेखणी उचलली. या वेळी शब्द शोधावा लागला नाही. त्यांनी कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं, काढलं, वाचलं. चूक नव्हती. परत ठेवलं.

पहाटे पायथ्याशी भाचीने सगळ्यांचे ब्रेक तपासले. मामांच्या हेल्मेटचा पट्टा तिने स्वतः आवळला. "जमेना तर नुसती हाक मारा. लाजू नका."

"बरं."

"मामा, मी मागे बघणार नाही. मला घंटी हवी."

"मिळेल," मामा म्हणाले.

पहिली वळणं उन्हात गेली. मग धुकं आलं. आधी बेकरीवाल्याचं मागचं चाक पुसट झालं, मग त्याचा शर्ट, मग नुसता त्याचा श्वास उरला. मामा वळणावर दोनदा घंटी वाजवत. वरून भाचीचा "ठीक!" येई. आणि तो विरला की मागून, अगदी जवळून, हलकेच दोनदा घंटी वाजे.

मामा पायडल मारत राहिले.

चढ उभा झाला. गुडघ्यात कळ आली. मामांनी सगळ्यांत हलकं चक्र घेतलं, तरी पायडल वर येईना. सायकल डगमगली, दरीकडची माती चाकाखाली सरकली. आता पाय टेकणार, एवढ्यात पाठीच्या मधोमध एक तळवा टेकला.

थंड होता. मायेने टेकला होता. त्याने ढकललं नाही, नुसता आधार दिला, आणि पायडल खाली गेलं.

मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

माथ्यावर रस्ता सपाट झाला. बंद खोलीची भिंत धुक्यातून पुढे आली. मंडळी पाणी पिऊन पुन्हा सायकलींवर बसत होती. "आलात का मामा?" भाचीचा आवाज पुढून आला. मामांनी दोनदा घंटी वाजवली. "वा रे पूर्णविराम!" बेकरीवाला कुठून तरी ओरडला. मग चाकं हलली. थंडीने आखडायच्या आत उतरायचं होतं.

मागे राहायचं तर मामांनी "थांबा" म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं, पण आवाज नेहमीसारखाच आत राहिला.

टपालाची पेटी खोलीच्या भिंतीवर होती. रंग उडालेला, फट मात्र उघडी. मामा सायकल धरून तिच्यापाशी उभे राहिले.

खाली पहिल्या वळणावर मंडळी पोचली असावीत.

खालून घंटी आली. दोनदा.

"ठीक!" भाचीचा आवाज, दूर.

मामांचा अंगठा त्यांच्या घंटीवर होता. ती थंड होती. हलली नव्हती.

पुढच्या वळणावर पुन्हा दोनदा. पुन्हा "ठीक!" आणखी दूर. मग धुक्याने आवाज गिळले.

ते एकटे राहिले. मग एकटे राहिले नाहीत.

मागून, सपाट रस्त्यावरून, टकटक येत होती. टक् टक् टक् टक्. रिकामी जागा. टक् टक्. घाई नव्हती. ती मंद होत होत त्यांच्या पाठीशी येऊन थांबली आणि ओल्या खडीवर एक पाय टेकल्याचा आवाज झाला.

मामांनी मागे पाहिलं नाही. खिशातून कार्ड काढलं, फटीत अर्धं सरकवलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं.

आतून कुणीतरी ते हळूच ओढून घेतलं.