वडपाड्याचं आवतण

माघ सरत आला होता, नाचणी कणगीत पडली होती, आणि पलीकडच्या माळावरून देवजीचा निरोप आला की लेकीचं, चैतीचं लग्न ठरलं आहे, काशीला घेऊन या. हे नुसतं जेवणाचं बोलावणं नव्हतं. काशी धवलेरी होती. त्या बाजूच्या पाड्यांत लग्न भट लावत नाही, धवलेरी लावते, आणि गाऊन लावते. मोखाड्याच्या त्या अंगाला एके काळी काशीच्या गळ्यावाचून नवरी भिंतीवर काढलेल्या लग्नाच्या चौकापाशी बसत नसे. पण शेत राखायच्या माळ्यावरून ती पडली आणि तिचा खुबा मोडला. हाड जुळलं ते वाकडंच जुळलं. तेव्हापासून काशी ओटीवर आणि तिची लग्नं दुसऱ्या धवलेरीकडे, फागीकडे. फागीला गाणी येत, पण अर्धी. उरलेल्या अर्ध्यात ती 'गं बाई गं' घालून वेळ मारून नेते, असं काशीचं म्हणणं होतं.

देवजी मूळचा वडपाड्याचा. मुंबईला पाणी न्यायचं म्हणून खाली वैतरणेवर धरण झालं. पावसाळ्यात ते भरलं आणि वडपाडा पाण्याखाली गेला. त्याआधीच माणसं, ढोरं, कोंबड्या, दारं, चौकटी सगळं गाड्यांत घालून माळावर हलवलं होतं. नव्या जागेवर हे पहिलंच लग्न. देवजीने बजावून सांगितलं होतं की फागी चालणार नाही. लग्नात पाड्याच्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलवावं लागतं, आणि वडपाड्याची सगळी नावं आता एका काशीच्याच तोंडात होती. ती आली नाही तर लग्न पुढे ढकलायचं.

निरोप ऐकला तेव्हा काशीने दूधभोपळ्याची वेल न्याहाळत विशेष काही नसल्यासारखं दाखवलं. मग आत जाऊन, म्हणजे ओटीवरून घासत घासत आत जाऊन, तिने ठेवणीतलं लुगडं काढलं.

जायचं कसं हा प्रश्न होता. वडपाड्यावरून जाणारी जुनी पायवाट पाण्यात होती. डोंगरावरून वळसा घ्यावा तर धडधाकट माणसाची दमछाक होई. राहिली ढवळूची नाव. ही नाव खानदानी होती. जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा शिकारखान्यातलं सामान लिलावात निघालं, त्यात ढवळूने ती घेतली. एके काळी साहेबलोक तिच्यात बसून बदकं मारत. आता ती मासळी आणि बांबू वाहून नेई.

काशीचा मुलगा मधू नव्या शाळेत मास्तर लागला होता. त्याने शाळेतली एकुलती एक हातांची खुर्ची मागून आणली, तिच्या दोन्ही अंगांना बांबू बांधले, आणि दुसऱ्या टोकाला शेजारचा मंगळू धरला. मग तिघा पुरुषांनी काशीच्या देखत काशीवर चर्चा केली. हिला आधी कुठून धरायचं, पाय पुढे की पाठ पुढे, नाव कलली तर आधी खुर्ची पकडायची की हिला. खुर्ची शाळेची आहे, असं मधू म्हणाला. काशीने त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर चर्चा फार चालली नाही.

दुपार कलल्यावर नाव सुटली. खुर्ची मधोमध बरोबर बसली, जणू तिच्यासाठीच तिथे जागा सोडली होती. मधूने कुठेतरी वाचलं होतं की मेल्यावर माणसाला वैतरणी ओलांडावी लागते आणि तेव्हा गाईचं शेपूट धरायचं असतं. त्याने ते सांगितलं तेव्हा काशीला मोठी मौज वाटली. आपण जिवंतपणी, तेही मास्तरच्या खुर्चीत बसून चाललो, म्हणजे पुढच्या खेपेची सवय होईल, असं ती म्हणाली. ढवळू पाण्यात थुंकला. असलं बोलणं त्याला पाण्यावर आवडत नसे.

दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले तसा उजेड आटला. वारा नव्हता. पाणी हिरवट काळं आणि इतकं गुळगुळीत, की वल्ह्याचा प्रत्येक थेंब वेगळा ऐकू यावा. कुजलेल्या पाल्याचा, भिजल्या मातीचा वास येऊ लागला. पुढे एका मेलेल्या चिंचेचा शेंडा पाण्याबाहेर आला होता. त्याच्यावर एकही पाखरू नव्हतं.

ढवळूने वल्हं थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं की आपण वडपाड्यावर आहोत. ही चिंच म्हणजे मसणवटीतली चिंच.

काशीला ती चिंच माहीत होती. तिच्या सावलीत तिने कितीतरी माणसं पोचवली होती. पण त्या वेळी तिच्या मनात भलतीच काळजी होती. गळा इतके दिवस बंद होता. आवतणाचं गाणं मांडवात अडलं तर फागीला तोंड फुटलं असतं. म्हणून तिने घसा साफ केला आणि तिथेच सराव सुरू केला. आधी देवांना बोलावलं. मग पाड्याच्या माणसांना, थोरापासून धाकट्यापर्यंत, ज्याच्या त्याच्या नावाने. लग्नाला या. हळद लागली आहे. वाट पाहतो आहोत.

पहिलं नाव बाबल्याचं. देवजीचा आजा, अंगाने रेड्यासारखा, म्हातारपणी मेलेला.

नाव हबकली. बाजूने नव्हे, खाली. काठावरून कुणी जड माणूस नावेत पाय टाकतो तेव्हा हबकते तशी.

मंगळूने मधूकडे पाहिलं, मधूने मंगळूकडे, आणि दोघांनी आपापल्या बुडाकडे. गाणं अर्ध्यात तोडायचं नसतं म्हणून काशीने पुढचं नाव घेतलं. गौरा, बाबल्याची बायको. नाव पुन्हा खाली गेली, पण थोडीच. गौरा चिपाड होती. मग सखा, ताडी काढताना ताडावरून पडलेला. मग तुका. मग सखाचं लहानगं पोर, ज्याचं नाव ठेवायच्या आधीच ते गेलं होतं, म्हणून गाण्यात त्याला 'सखाचं पोर' एवढंच म्हणत. या वेळी नाव हलली नाही. फक्त काशीच्या अधू पायाच्या गुडघ्याला काहीतरी गार टेकलं आणि टेकूनच राहिलं.

ढवळूने हात बाहेर घालून पाण्याची पातळी पाहिली. पाणी नावेच्या काठाशी आलं होतं.

"धवलेरीबाय," तो कुजबुजला, "थांब... नाव भरली."

मधू मास्तर होता, त्याच्यावर जबाबदारी होती. त्याने पुस्तकातला नियम सांगितला, की वजन वाढल्याशिवाय नाव पाण्यात खाली जातच नसते. सांगून झाल्यावर त्याचं त्यालाच गप्प बसावंसं वाटलं.

काशीने पळावं म्हटलं तर तिला पाय नव्हते, आणि पाय असते तरी खाली जमीन नव्हती. एका परीने तिथे सगळेच तिच्यासारखे झाले होते. आणि गाणं तर निम्मंसुद्धा झालं नव्हतं. अजून कोंडीचं घर होतं, पलीकडची आळी होती, देवीच्या साथीत गेलेले सगळे होते. पुढे गावं तर नाव बुडेल. गाऊ नये तर अर्ध्या पाड्याला बोलावलं आणि अर्ध्याला दारातून परत लावलं, असा अर्थ होईल. आवतणाचा असा अपमान जिवंत माणूस विसरत नाही. मग मेलेलं कसं विसरेल?

तिने पाण्याकडे पाहिलं. पाण्याच्या वर काही दिसत नव्हतं, पण खाली कुणीतरी मान वर करून उभं आहे असं तिला सारखं वाटत होतं. कुणी उचलून नेईल म्हणून ओटीवर बसून राहणं तिला ठाऊक होतं. शेवटी मांडवात भांडण मिटवायला काढते त्या आवाजात ती पाण्याला म्हणाली, "आता जागा नाय. राहिलेल्यांनी मागून या. नाव परत येईल."

ढवळूने तिच्याकडे असं पाहिलं की नाव कुणाची आणि शब्द कोण देतंय. पण तोंड उघडायची ती वेळ नव्हती. तो इतक्या हळू वल्हवू लागला की वल्ह्याला आवाजच राहिला नाही.

पलीकडच्या काठाला लागल्यावर खुर्ची उचलायची वेळ आली. मधू आणि मंगळूने बांबू खांद्यावर घेतले, हुंकार दिला, आणि खुर्ची जागची हलली नाही. दुसऱ्यांदा हलली, पण मंगळूचे गुडघे वाकले. चढणीवर तो दर झाडाला थांबू लागला. शेवटी न राहवून तो म्हणाला की आते, येताना तू एवढी नव्हतीस. काशीला फार लागलं. कालपासून आपण नुसती पेज प्यायलो आहोत, असं तिने त्याला सुनावलं. पण तिलाही कळत होतं. मांडीवर गार ओझं होतं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर कुणी टेकून बसलं होतं. मानेमागे ओल्या तंबाखूचा वास येत होता आणि तो बाबल्याचा होता, याबद्दल तिला शंका नव्हती. जिवंत असतानाही तो मेला कधी चढण चालला नव्हता, बैलगाडीत बसे.

"आय," मधू मागून पुटपुटला, "माझ्या पाठीवर कोण..."

"पुढे बघ," काशी म्हणाली. "पाहुणे आहेत. हिसका देऊ नको."

मांडवाच्या पहिल्या खांबाशी आले तसं वजन एकाएकी गेलं. दोघं इतक्या जोराने वर रेटत होते, की खुर्ची उसळली आणि काशी मांडवाच्या डहाळ्यांना डोकं लावून आली. लोक हसले. धवलेरी उडत आली म्हणाले. कुत्री मात्र शेपट्या पोटात घालून माळाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

देवजीची म्हातारी आय पारू कोपऱ्यात बसली होती. लग्नानंतर ती सासरी गेलीच नव्हती. नवराच घरजावई होऊन आला होता. त्यामुळे वडपाडा आणि बाप बाबल्या तिला कधी सुटले नव्हते. आता तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. ती आपली घोंगडी उगाच सरकवू लागली. शेजारची जागा तिने हाताने झाडली आणि कुरकुरत म्हणाली, "बस की बा, उभा काय... धोतर किती भिजवलंस."

कुणी लक्ष दिलं नाही. म्हातारी काहीबाही बोलते हे सगळ्यांना माहीत होतं. काशीने मात्र तिकडे पाहायचं टाळलं आणि हळदीच्या पाटाकडे तोंड करून सुरुवात केली. तिचा गळा असा लागला की लोक बोलायचे थांबले. राहिलेली नावंही तिने मांडवात घेतली, एकूण एक. चैतीचं लग्न झालं, पुष्कळ रडणं झालं, जेवणं झाली. भात पुरला नाही. देवजी आचाऱ्यावर रागावला, कारण माणसं ठरल्याएवढीच आली होती.

दुसऱ्या दिवशी परतीला खुर्ची फुलासारखी हलकी होती. मंगळूने काशीची माफी मागितली. चिंचेपाशी आल्यावर ढवळूने डोळे मिटून वल्हवलं, मधूने पाढे म्हटले, आणि काशी एक शब्द बोलली नाही. पाणी शांत होतं. सगळे घरी आले, खुर्ची शाळेत गेली, आणि लग्न चांगलं झालं असं सगळ्यांनी ठरवलं. फागी येऊन काशीच्या पाया पडून गेली. काशीला आठवडाभर त्याचंच सुख पुरलं.

मग एका सकाळी ढवळू अंगणात येऊन उभा राहिला. बसला नाही. मान खाली घालून त्याने सांगितलं की परत आल्या दिवसापासून त्याने नाव वल्हवलेली नाही, इथेच काठाला बांधून ठेवली आहे. आत काही नाही. बांबू नाही, जाळं नाही, पाणीसुद्धा शिरलेलं नाही. तरी रोज थोडी थोडी खाली जाते. आज पाणी नावेच्या काठाला लागलं होतं.

काशी नाचणी पाखडत होती. सूप थांबलं.

"आणखी एक आहे," ढवळू म्हणाला. "फळ्या सगळ्या ओल्या आहेत. नुसती मधली जागा कोरडी... तुझ्या खुर्चीएवढी. तू मागून या म्हणालीस ते सगळे तेवढी सोडून बसलेत."

अंगणात तिची कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसली होती, तिच्याकडे काशीने पाहिलं. मग सूप पुन्हा हातात घेऊन तिने ढवळूला सांगितलं, की त्यांना म्हणावं, कोंबडी बसवली आहे, पिल्लं निघेपर्यंत मला हलता यायचं नाही. आधी तुम्ही व्हा पुढे.

ढवळू नदीवर गेला. काठावर उभा राहून, टोपी काढून, त्याने रिकाम्या नावेला तो निरोप जसाच्या तसा दिला. मग संध्याकाळपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

नाव तसूभरही वर आली नाही.