आर्मांदोच्या लेकीची बाटली

"बाटली मी घेतली नाही, धम्मशीलाताई! पण आर्मांदोनं अख्ख्या स्ट्रीटला सांगून टाकलंय, मीच चोर!" रश्मी आर्मांदोच्या कॅफेच्या दारातच रडकुंडीला आली होती.

साउथ लॅम्बेथ रोडवर खिडकीखिडकीतून पोर्तुगालचे झेंडे लटकत होते. २००६चा फुटबॉल वर्ल्ड कप रंगात होता. लंडनच्या या पोर्तुगीज वस्तीत मराठी पाहुण्यांना खाऊ-पिऊ घालत फिरवायचं, हा रश्मीचा धंदा. आर्मांदोनं दार लावलं की बाकीची दारंही लागणार होती.

खासगी डिटेक्टिव्ह धम्मशीला वानखेडे आत शिरली. मागोमाग तिचा मदतनीस शशिधर, रविवारची बिर्याणी सोडून आलेला आणि म्हणूनच वैतागलेला.

बाटली पोर्ट वाइनची. लेक जन्मली त्या वर्षी आर्मांदोच्या बायकोनं ती लेकीच्या लग्नासाठी जपून ठेवली होती. बायको आता नव्हती आणि लग्न शनिवारवर आलं होतं.

"काल दुपारी टूर गेली तेव्हा बाटली जागेवर होती," आर्मांदो म्हणाला. "संध्याकाळी पाहतो तर तिच्या जागी ही!"

मागच्या खोलीतल्या फळीवर एक साधी वाइन उभी होती. शेजारच्या सगळ्या बाटल्या आडव्या. खोलीचं मागचं दार दिवसभर उघडंच असे, आणि बाटलीची गोष्ट रश्मीनं कालच्या टूरच्या दोन्ही पाहुण्यांना रंगवून सांगितली होती.

शशिधरच्या पोटात कावळे कोकलत होते. शेजारच्या दुकानात फळकुटासारखा कडक, खारवलेला कॉड मासा टांगलेला पाहून त्यानं विचारलं, "आत्ता तळून द्याल?"

दुकानदारीण खो खो हसली. "आज भिजव, पाणी बदलत राहा, उद्या रात्री खा!"

शशिधरला हसू मुळीच आलं नाही.

पहिला पाहुणा मुरलीधर जोगळेकर. लंडनबाहेर ब्रॅकनेलला आयटीत, घरात वाइनचं खास कपाट. शशिधरनं त्यातली एक बाटली पाहून टेबलावर उभी ठेवली, तर मुरलीधरनं बोलता बोलता उचलून ती परत आडवी केली.

"येस, मी आर्मांदोकडे ती बाटली मागितली होती. तो नो म्हणाला, विषय संपला! टूर संपल्यावर मी घरी येऊन झोपलो. एकटा. आता याला प्रूफ कुठून आणू?"

"हाच तो," ट्रेनमध्ये शशिधर म्हणाला. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"गप्प बैस जरा," धम्मशीला म्हणाली. शशिधरचं डोकं आणखी तापलं.

दुसरे विष्णू पेडणेकर, मूळ मालवणचे, कॅफेपासून दोन गल्ल्यांवर राहणारे. किचनमध्ये उंची ग्लासांचा ढीग होता.

"काल रात्री मॅनेजर डिनरला होता, म्हणून हा पसारा. बायको लेस्टरला गेलीय. दुपारी? टूर संपली, कॅफेशेजारून तो खारा मासा घेतला, तडक घरी आलो. धुतला, कोकम घालून तिखलं केलं, पोटभर जेवलो नि झोपलो. फर्स्ट क्लास झालं होतं!"

संध्याकाळी धम्मशीलानं सगळ्यांना कॅफेत बोलावलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होतात," तिनं आर्मांदोला सुनावलं. "चोरानं जागा भरायला बाटली ठेवली ती उभी. वाइन आडवी ठेवतात, बूच ओलं राहावं म्हणून. मुरलीधर असते तर घाईतही त्यांच्या हातानं ती आडवीच ठेवली असती. आणि रश्मी या खोल्या रोज बघते, तीही चुकली नसती. राहिले विष्णू. तुम्ही मासा घेतलात, पण शिजवला नाहीत. सुका बोंबील धुतला की चुलीवर चढतो, म्हणून तुम्हाला वाटलं, हाही तसाच. हा मासा दिवसभराहून जास्त भिजवावा लागतो. तसाच खाल्ला असतात तर पहिल्याच घासाला थुंकून टाकला असतात. मग दुपारी कुठे होतात?"

विष्णूंनी कबूल केलं. "मॅनेजरला इम्प्रेस करायचं होतं. प्रमोशन अडलंय हो माझं! उघडली तर तळाशी गाळ. खराब झाली वाटलं. सिंकमध्ये ओतली."

"जुन्या पोर्टला गाळ असतोच!" मुरलीधर ओरडला.

रश्मीनं आर्मांदोला विष्णूंची कबुली इंग्लिशमध्ये सांगितली. त्यानं दोन्ही हात धरून तिची माफी मागितली. नाव धुऊन निघालं, तरी तिला हसता येईना. शशिधरला वाटलं, कसलं आपलं हे शोधकाम! चोर सापडला आणि हाती काहीच नाही.

आर्मांदो विष्णूंकडे वळला. "कुणी एक घोट तरी घेतला का?"

"नाही."



"निदान प्यायची तरी होतीस रे," आर्मांदो म्हणाला.